सेन्सर दिसत नाही, पण चिप तर जागेवरच आहे

लिनक्स सर्व्हरवर तापमान आणि पंख्यांचा वेग दाखवणारी सेन्सर्स कमांड चालवली आणि फक्त प्रोसेसरच्या कोअरचे आकडे आले. पंख्यांचा वेग नाही, मदरबोर्डचं तापमान नाही. कोअरचे आकडे कोअरटेम्प ड्रायव्हर थेट प्रोसेसरमधून वाचतो (एएमडीवर हेच काम केटेनटेम्प करतो), म्हणून ते बहुधा विनासायास मिळतात. पंखे आणि बोर्डचं तापमान मात्र सुपर आयओ नावाच्या वेगळ्या चिपकडे असतं, आणि अडतं ते तिथेच.

सेन्सर्स-डिटेक्टने (सेन्सरच्या चिप शोधणारी कमांड) चिप बरोबर ओळखली, एनसीटी६७७५ ड्रायव्हरही सुचवला. मॉडप्रोब केलं, म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) चढवायला गेलो, तर तो चढलाच नाही. अशा वेळी आधी डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश वाचा, अगदी ओळ न ओळ. तिथे एसीपीआयची (फर्मवेअर आणि कर्नल यांना जोडणारी व्यवस्था) स्पष्ट तक्रार होती: हेक्स २९५ आणि २९६ हे पोर्ट, म्हणजे चिपशी बोलायचे पत्ते, फर्मवेअरने (बोर्डमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरने) स्वतःसाठी घोषित केलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यात येतात.

यावर सगळीकडे एकच उपाय सुचवला जातो: कर्नलच्या बूट ओळीत एसीपीआय-एन्फोर्स-रिसोर्सेस हा पर्याय लॅक्स (म्हणजे ढिला) करा. आकडे लगेच दिसतातही. तरीही चालत्या सर्व्हरवर मी हे करत नाही. या चिपमधून वाचणं दोन पायऱ्यांत होतं. २९५ वर रजिस्टरचा (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याचा) क्रमांक लिहायचा, मग २९६ वरून त्यातला आकडा घ्यायचा. या दोन पायऱ्यांच्या मधे फर्मवेअरने २९५ वर दुसराच क्रमांक लिहिला, तर हाती भलतंच रजिस्टर येतं. वाचताना एक आकडा चुकला तर एक वेळ चालेल, पण लिहिताना असं झालं तर पंख्याच्या नियंत्रणाचं रजिस्टर बिघडू शकतं. कर्नल अडवतो तो याच कारणाने, आणि त्याचं बरोबर आहे.

काही बोर्डांसाठी याच ड्रायव्हरमध्ये डब्ल्यूएमआयमार्फत, म्हणजे फर्मवेअरलाच विचारून वाचायची सोय आहे. आमचा बोर्ड त्या यादीत होता, फक्त कर्नल जुना होता. कर्नल अद्ययावत केल्यावर लॅक्सशिवाय सगळं दिसायला लागलं. बीएमसी (सर्व्हरवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र चिप) असलेल्या बोर्डावर आधी तिला आयपीएमआयटूल या कमांडने विचारून बघावं, बऱ्याचदा हे आकडे तिथेच असतात. सेटा डिस्कच्या तापमानासाठी कर्नल ५.६ पासून ड्राइव्हटेम्प ड्रायव्हर आहेच.

आकडे दिसले तरी लगेच विश्वास ठेवू नका. एका इनपुटवर कायम १२७ अंश दिसत होते. त्या पिनला काही जोडलेलंच नव्हतं. सेन्सर्सच्या कॉन्फिगमध्ये त्या चिपखाली ते इनपुट वगळणारी इग्नोरची ओळ घातली. धोक्याची सूचना पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एचडब्ल्यूमॉन२ असा चिपच्या फोल्डरचा क्रमांक लिहू नका, रीबूटनंतर तो बदलू शकतो. त्या फोल्डरमधली नेम फाइल वाचून चिप शोधा आणि मिळालेल्या तापमानाच्या आकड्याला १००० ने भागा, कारण कर्नल तापमान मिलिअंशांत देतो.