ट्रेलरचं बेअरिंग आणि ‘गाडी कोणती?’

बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग मागायला कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात जा, पहिला प्रश्न ठरलेला : “गाडी कोणती?” ट्रेलर आहे म्हटलं की, “ट्रॅक्टर कोणता? महिंद्रा का स्वराज?” आणि बोटीचा ट्रेलर म्हटलं की समोरचा माणूस सरळ पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पैठणपासून संभाजीनगरपर्यंत मी हेच ऐकत फिरलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मेहुण्याला येलदरी धरणावर मासेमारीसाठी आमची फायबरची बोट हवी होती. पैठणच्या धरणातून, म्हणजे नाथसागरातून काढायची आणि जालना, मंठा, जिंतूर करत न्यायची. रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास. एरवी आमचा ट्रेलर घर ते पाणी एवढाच चालतो, तोही सावकाश. अशा ट्रेलरचं बेअरिंग खराब झालेलं कळतच नाही. पिकअपच्या मागे तासन्‌तास पळायला लागलं की मात्र ते तापतं, जाम होतं, आणि हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंग बसतो तो भाग, एक्सलवरून निसटला तर चाक रस्त्याच्या कडेला आणि बोट रस्त्यात. म्हणून निघायच्या आधी दोन्ही चाकं उघडायचीच, असं मी ठरवलं होतं.

जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर खटखट लागत होतं. फिरवलं तर आतून खरखर. हब उघडला तेव्हा ग्रीस दुधाळ झालेलं. म्हणजे आत पाणी गेलेलं. बोटीच्या ट्रेलरचं दुखणंच हे आहे. धरण उतरलं की काठापर्यंत गाळच गाळ, चाकं निम्मी काळ्या चिखलात आणि मग पाण्यात. त्यात रस्त्यावरून आलेला गरम हब लगेच थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे हबचं तोंड बंद करणाऱ्या रबरी कडीच्या, फटीतून पाणी आत ओढून घेते. म्हणून काठावर पोचलं की आधी थांबायचं, हब गार होऊ द्यायचा, मगच ट्रेलर पाण्यात घालायचा. आमच्याकडे पाहुणे मंडळींना याची फार घाई असते, पण मी ऐकत नाही.

डिझेलने धुतल्यावर रोलर निळसर पडलेले दिसले आणि कपच्या, म्हणजे हबमध्ये बसणाऱ्या बाहेरच्या कडीच्या, आतल्या चकचकीत भागावर बारीक खड्डे. निळा रंग म्हणजे तापून गेलेलं, खड्डे म्हणजे संपलेलं. नुसतं ग्रीस भरून भागणार नव्हतं.

इथून पुढे माझा वेळ गेला.

ट्रेलर आम्ही जुना घेतलेला. बनवणाऱ्याने कुठले हब वापरले ते सांगायला कोणी नाही. बेअरिंगवरचा नंबर गंजाखाली गेलेला, आणि ऑइल सील काढताना वाकतंच, त्यामुळे त्याच्यावरचं मापही वाचता येईना. पैठणच्या दुकानात “अंदाजे देऊ का?” म्हणाले. अंदाजे बेअरिंग कसं द्यायचं, हे मला आजही कळलेलं नाही. मग संभाजीनगर. एका दुकानदाराने जुनं बेअरिंग हातात घेतलं, भोकात बोट फिरवलं आणि म्हणाला, “चाळीसचं आहे. तीस-दोनशे-आठ.” तिथे शिल्लक नव्हतं. “उद्या येतंय, पार्सल निघालंय.” उद्या गेलं की “संध्याकाळी”. संध्याकाळी फोन केला की “भाऊ, उद्या सकाळी नक्की.” पैठणहून पन्नास किलोमीटर जाऊन हे ऐकायचं. तिकडे मेहुण्याचे फोन सुरू, “दाजी, निघालात का?”

शेवटी बेअरिंग मिळालं, घरी आणलं, आणि ते एक्सलवर चढेना. दुकानदाराचं ‘तीस-दोनशे-आठ’ म्हणजे ३०२०८, त्याचं आतलं माप ४० मिलीमीटर असतं. या नंबरांमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं माप निघतं; ०६ म्हणजे ३०, ०७ म्हणजे ३५, ०८ म्हणजे ४०. आमचा एक्सल व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजला तर ४१ च्या थोडा वर. बाहेरचं माप तर साफ वेगळं, नव्याचं ८०, जुन्याचं ७३. दुकानदाराने व्हर्नियर एकदा लावला असता तर माझे सगळे हेलपाटे वाचले असते. त्याच्या काउंटरवर व्हर्नियर पडलेला मी डोळ्यांनी पाहिला होता.

लेथवाला म्हणाला, “सोपं आहे. एक्सल सव्वा मिलीमीटर उतरवतो, हब सात मिलीमीटर मोठा करतो.” मी साफ नकार दिला. भार ज्याच्यावर आहे तोच एक्सल बारीक करायचा आणि हबची भिंत पातळ करायची, आणि वर बोट-इंजिन लादून दोनशे किलोमीटर जायचं? बेअरिंग मिळत नाही म्हणून एक्सल कापू देऊ नका. कितीही घाई असली तरी नाही.

जुना कप वायरब्रशने घासत बसलो, पुन्हा डिझेल, पुन्हा ब्रश. कडेला ५, २, ० असे आकडे उमटले. ते घेऊन एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या चाचांनी ‘गाडी कोणती’ विचारलंच नाही. चष्मा वर करून कप उजेडात धरला, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, “अरे बेटा, ये तो जीप का है. इंची माल है.” कोन, म्हणजे रोलरसकटची आतली कडी, १८५९०, कप १८५२०. आतलं माप १ पूर्णांक ५/८ इंच, म्हणजे ४१.२७५ मिलीमीटर. जुन्या जीपच्या हबला आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं. दोन्ही चाकांचे संच आणि सील त्यांनी फळीवरून काढून समोर ठेवले. इतके दिवस ज्याच्यासाठी फिरलो ते त्यांच्याकडे धूळ खात पडलं होतं. मला इतकं हायसं वाटलं की एक संच जास्तीचा घेतला. पक्कं बिल मागा, बाजारात डुप्लिकेट माल फार आहे.

बसवायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. कप आणि कोन जोडीनेच बदलायचे, जुन्या कपात नवा कोन नको. कप पितळी पंचने चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकायचा. पूर्ण बसला की आवाज बदलतो. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचं, ते रोलरमधून वरच्या बाजूला निघेपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस काही कामाचं नाही. पाण्याला टिकणारं ग्रीस घ्या. साधं चॅसिस ग्रीस उष्णतेला पातळ होतं. जुन्यात नवं मिसळू नका. सीलची स्प्रिंगची बाजू आत. नट चाक फिरवत आवळायचा, मग ढिला करून हाताने जेमतेम बसेल एवढाच ठेवायचा, आणि नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन दरवेळी नवी.

पिकअप निघाल्यावर तीसेक किलोमीटरवर थांबलो आणि हबला उलटा हात लावला. कोमट. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका, नट जास्त आवळलाय किंवा ग्रीस कमी आहे. चाकाचे नटही तिथेच एकदा आवळून घ्या, नव्याने बसवलेलं चाक सैल होतं. जालन्याला, मंठ्याला पुन्हा हात लावून पाहिला. येलदरीपर्यंत दोन्ही हब कोमटच राहिले.

जास्तीचा संच, सील, स्प्लिट पिना, ग्रीसचा डबा आणि जॅक मेहुण्याकडेच ठेवून आलो. आणि हो, ट्रेलरच्या दांड्यावर ऑइलपेंटने दोन्ही नंबर लिहिलेत, मोठ्या अक्षरात. तुमचा ट्रेलर चालू अवस्थेत असतानाच एक चाक उघडून नंबर बघून घ्या, लिहून ठेवा, सीलचं आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप धरून.