शिमग्याला रत्नागिरीत दोन रात्री

गणपतीपुळ्याला जाता-येता रत्नागिरी नेहमी गाडीच्या काचेतूनच बघितली होती. या शिमग्याला आईला घेऊन मुद्दाम शहरातच मुक्काम केला. कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

मुंबईहून पहाटेच्या जनशताब्दीने गेलो. शिमग्याला सगळे चाकरमानी गावी निघतात, त्यामुळे तिकीट आणि खोली दोन्ही खूप आधी बघा. स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

सामान टाकून थेट थिबा राजवाडा गाठला. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. उतरत्या छपराचा हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. त्याची राजधानी मंडाले त्याला पुन्हा दिसली नाही. वाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे, सोमवारी जाऊ नका.

बहुतेक जण पुढे थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघतात आणि परततात. मला मात्र सगळ्यात जास्त भिडली ती शिवाजीनगरातली राजाची समाधी. २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे आजच्या ब्रह्मदेशाचे, राष्ट्राध्यक्ष इथे येऊन गेले होते. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. आईने चपला काढल्या, अंबाड्यातलं सोनचाफ्याचं फूल काढून चौथऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "परक्या मुलखात गेला गं बिचारा." राजाची नात टूटू मात्र इथलीच होऊन गेली, मराठी बोलत याच गावात म्हातारी झाली. समाधीसाठी अर्धा तास तरी राखून ठेवाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर बघितलं आणि मग पतितपावन मंदिरात गेलो. भागोजीशेठ कीरांनी पदरच्या पैशाने बांधलेलं आणि १९३१ साली सगळ्या जातींना खुलं झालेलं हे मंदिर. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती! रत्नदुर्गावर ऊन उतरल्यावर जा, दुपारी कातळ तापतो.

संध्याकाळी झाडगावच्या सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी. गाडी लांब लावून चालतच जावं लागतं. ओटीचं सामान आणि नारळ दुपारीच घेऊन ठेवा. पालखी नाचवतात तेव्हा कडेला उभे राहा, मोबाईल घेऊन मध्ये घुसू नका. खांदेकरी मागे बघत नाहीत, त्यांची नजर देवावर असते. ढोल चढत गेला तसे त्यांचे अनवाणी पाय तालावर पडत होते आणि "हुर्रा रे हुर्रा" सगळ्या आळीतून उठत होतं. गुडघे दुखतात म्हणून सकाळी कुरकुरणारी माझी आई ओटीच्या रांगेत दीड तास उभी राहिली.