पाटे कमी का केले?

फैजपूरच्या बाजारात गाडी उभी केली की कोणी ना कोणी वाकून मागच्या चाकाशी बघतं आणि विचारतं, "भाऊ, पाटे काढले का? माल भरला तर गाडी बसून जाईन ना!" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट सांगतो. पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग).

गाडी वडिलांची. महिंद्राची जुनी जीप-पिकअप, पुढेमागे चारही चाकांवर कमान पाटे. वडिलांनी मागे दोन जादा पाटे चढवून घेतले होते. तेव्हा बागेतले केळीचे घड कापले की थेट सावदा स्टेशनवर जायचे, खेपेला टनभर. त्या कामाला ते पाटे योग्यच होते. आता मोठा माल व्यापाऱ्याचा ट्रक बांधावरूनच उचलतो. माझ्या गाडीत जातात चार-पाच क्विंटल: खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, आणि भुसावळला पोचवायची निवडक केळी. टनाच्या हिशेबाने बांधलेली कमान एवढ्या वजनाला वाकतच नाही. खड्ड्याचा दणका पाट्यात जिरत नाही, तो वरच्या मालाला बसतो. निघताना हिरवीगार असलेली फणी पिकल्यावर जागोजागी काळी पडायची. दोन हंगाम मी भरणाऱ्या पोरांना बोललो, त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून मागे तीन-तीन पाट्यांचे पॅराबोलिक संच टाकले. हा पाटा मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत जातो. पाटे एकमेकांना फक्त मधे आणि टोकांना टेकतात, मधे फट राहते, त्यामुळे घर्षण कमी आणि हालचाल मोकळी. पण जुन्या गठ्ठ्यात हेच घर्षण गाडीचं उसळणं आवरत असतं. ते गेलं की उसळणं आवरायचा सगळा भार शॉकअपवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) येतो. जुने शॉकअप ठेवून नुसते पाटे बदललेत तर गाडी होडीसारखी डुलेल. तिथे पैसे वाचवू नका.

बसवण्याचं काम एका दिवसाचं आहे, घाईचं नाही. चासीखाली घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), ॲक्सलखाली वेगळा जॅक. पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमकं बसलंय का, ते बोटाने चाचपून बघा. न बसल्यास ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी एका अंगाने चालते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेला बोल्ट परत तशी पकड देत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: पाट्याच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांचे बोल्ट चाकं हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी जमिनीवर उतरवा, वजन येऊ द्या, मग आवळा. माझे पहिल्यांदा वरच आवळले गेले होते. बुश कायम पिळलेले राहिले आणि पावसाळ्याआधीच फाटले. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.

तरुण पोरं विचारतात, चार इंच वर का नाही उचलली? उचलली की इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात, ब्रेकची नळी ताणली जाते, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढायला लागतं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकातला उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. मी मूळ उंचीच राखली. काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं माप दोन्ही बाजूंनी टेपने घेऊन लिहून ठेवलं होतं, ते इथे कामी आलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. पाच क्विंटल भरल्यावर मागची बाजू दीड इंच खाली येते, आणि बंप रबरापर्यंत (ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेल्या रबरापर्यंत) चार बोटं जागा उरते. तुमच्या गाडीत मात्र आजही टनभर माल जात असेल, तर जुनेच पाटे राहू द्या.