तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीत मी जेवले कशी?

"गहू चालत नाही आणि इटलीला गेलीस? मग दहा दिवस खाल्लंस काय?" परत आल्यापासून हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. तर सांगते, मी रोज पोटभर जेवले. पिझ्झासुद्धा खाल्ला.

मला सीलिअ‍ॅक आहे. गहू, बार्ली आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. म्हणून "थोडंसं तरी घे गं" याला माझं उत्तर कायम नाहीच असतं. इटलीत हे कुणाला समजावावं लागलं नाही. तिथे 2005 साली या आजारासाठी वेगळा कायदा झाला. शाळांच्या आणि सरकारी कॅन्टीनमध्ये मागितलं तर ग्लूटेन नसलेलं जेवण द्यावंच लागतं. तिथली सीलिअ‍ॅक संघटना हॉटेलवाल्यांना शिकवते आणि अशा हॉटेलांची यादी ठेवते. मी त्या यादीवरूनच जेवणाच्या जागा ठरवल्या होत्या.

फ्लॉरेन्सला पहिल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सोनो चेलीआका." म्हणजे मला सीलिअ‍ॅक आहे. वेटर साठीचे असतील. त्यांनी आधी समोरची ब्रेडची टोपली उचलली, टेबलावरचा चुरा पुसून घेतला, माझे काटे-चमचे बदलले आणि मग मेनू हातात दिला. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं. मला भरून आलं. आपल्याकडे घरच्या कार्यातही मी पंगतीत डबा उघडून बसते.

पण यादीबाहेरच्या ठिकाणी जपायला हवं. पदार्थात काय आहे हे सगळेच विचारतात, तो कशात शिजला हेही विचारा. मक्याचा पास्ता गव्हाच्या पास्त्याच्याच पाण्यात उकळला, तर तो आपल्यासाठी गव्हाचाच. एका दुकानात मी बटाट्याचे फ्राइज घेतले. त्याच तेलात ब्रेडचा चुरा लावलेले मासे तळत होते, हे खाऊन झाल्यावर दिसलं. पुढचा दीड दिवस हॉटेलच्या खोलीत गेला.

पोलेंटा मक्याचा, रिसोट्टो तांदळाचा, पण त्यातला स्टॉक, म्हणजे भात शिजवायचं सूपसारखं पाणी, कसला ते विचारून घ्या. जेनोव्हाकडे फारिनाता मिळतो, बेसनाच्या धिरड्यासारखाच, फक्त भट्टीत भाजलेला. तो खाताना मला घर आठवलं. फार्रो मात्र नाव वेगळं असलं तरी गहूच. जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, कपातच मागा, आणि वाढायचा चमचा कोनाच्या चुऱ्यात गेलेला नाही ना, ते बघा. अडलंच तर तिथल्या औषधाच्या दुकानातही ग्लूटेन-फ्री ब्रेड आणि बिस्किटं मिळतात.

सोबत काय नेऊ, असंही विचारता. मी राजगिऱ्याच्या वड्या आणि पोह्यांचा चिवडा नेते. चिवड्यात हिंग असेल तर डबीवरचं वाचून घ्या, कारण बाजारच्या हिंगपुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आमची आई आता माझ्या चिवड्याची फोडणी हिंगाशिवायच करते, कढीपत्ता थोडा जास्त घालून.