ओळखीचे काम आणि त्याचा ताळेबंद

लहान सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्याला पुण्यातल्या कोणत्याही उद्योजक मेळाव्यात 'ओळखी वाढवा' हा सल्ला चहाबरोबर फुकट मिळतो. सल्ला खोटा नाही. परंतु ओळखींमुळे उलाढाल जितक्या खात्रीने वाढते, तितक्या खात्रीने नफा वाढत नाही, असे माझे मत आहे.

उलाढालीच्या बाबतीत आपल्याकडचा जुना दाखला टीसीएसचा आहे. 1968 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीची धुरा सांभाळणारे फकीरचंद कोहली मूळचे विद्युत अभियंते होते आणि आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेत सक्रिय होते. तेथील वावरामुळे अमेरिकेतील उद्योगांशी त्यांचा संबंध वाढला. 1974 च्या सुमारास बरोज या संगणक बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीशी टीसीएसचे सूत जुळले आणि निर्यातीची कामे येऊ लागली. मात्र त्याच दशकाच्या अखेरीस टाटा आणि बरोज यांची स्वतंत्र भागीदारी कंपनी निघाली, बरोजचे काम तिकडे गेले आणि टीसीएसला नव्याने ग्राहक शोधावे लागले. एकाच ओळखीवर भिस्त ठेवली की काय होते, हे इतक्या मोठ्या घराण्यालाही चुकले नाही.

नफ्याचे गणित वेगळे असते. सेवा विकणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचा सर्वांत मोठा खर्च पगारांचा. काम नसलेला प्रोग्रामर 'बेंच'वर बसला तरी पगार चालूच राहतो. ओळखीतून आलेल्या ग्राहकाला कंपनीची विश्वासार्हता पटवण्यात महिने जात नाहीत, त्यामुळे विक्रीचा खर्च वाचतो आणि बेंच लवकर रिकामा होतो. इथपर्यंत सारे फायद्याचे आहे.

पुढे मात्र ओळख दरपत्रकात शिरते. भोसरीतल्या एका कारखानदारासाठी आम्ही मालसाठ्याची प्रणाली केली. मध्यस्थ दोघांच्याही घरोब्यातले होते. "आपलेच आहेत, दराचे जरा बघा," हे पहिल्याच बैठकीत झाले. काम सुरू झाल्यावर "एवढा एक रिपोर्ट टाकून द्या ना" असे दर आठवड्याला होऊ लागले आणि त्यासाठी वेगळे बिल लावणे हा मध्यस्थांचा अपमान ठरला असता. पैशांचेही तेच. सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यायचे पैसे लेखी करार असला तरी ग्राहकाने जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. पण ज्याच्या मुलीच्या लग्नाची पंगत आपण जेवलो, त्याच्याकडे व्याज मागणार कोण?

दुसरा तोटा कमी बोलला जातो. एकमेकांना कामे सुचवण्यासाठी जमणाऱ्या व्यावसायिकांच्या बीएनआयसारख्या मंडळांमध्ये एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात. स्पर्धा टळते, पण सॉफ्टवेअरवाल्याच्या शेजारी सीए, छपाईवाला आणि विमा सल्लागार बसतात. त्यांच्याकडून येणारी कामे एकमेकांसारखी क्वचितच असतात. एका कामातला कोड किंवा अनुभव पुढच्या कामाला लागू पडत नाही, प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात होते, आणि उलाढाल वाढूनही हाती काही उरत नाही.

याउलट ज्या ओळखी आपल्याच विद्येच्या असतात, त्या मला अधिक मोलाच्या वाटतात. आनंद देशपांडे यांनी 1990 मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, त्याआधी त्यांनी अमेरिकेत संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून एचपीच्या प्रयोगशाळेत काम केले होते, आणि कंपनीची सुरुवातीची ओळखही डेटाबेसच्या कामाचीच होती. अशा वर्तुळातला परिचित तुम्हाला काय येते हे जाणून शिफारस करतो. त्यामुळे सारख्या स्वरूपाची कामे येतात आणि दरही कौशल्याचा ठरतो.

घरोब्यातली कामे आम्ही आजही घेतो. फक्त दरपत्रकात पूर्ण दर आधी लिहितो आणि सवलत खाली वेगळ्या ओळीत, म्हणजे तोच ग्राहक पुढे कोणाला आमचे नाव सुचवेल तेव्हा आकडा पूर्ण दराचा सांगेल.