घडीच्या आधीची रेघ

हाताने शुभेच्छापत्रे करणाऱ्या माणसाच्या टेबलावर कात्री, गोंद आणि रंगांच्या बाटल्या यांचा जो थाट असतो, तो एका बोटभर रुंदीच्या बोथट पट्टीच्या वाट्याला कधी येत नाही. ती काही कापत नाही, काही चिकटवत नाही, कागदावर रंगाचा ठिपकाही उमटवत नाही. ती फक्त दाबते. तिच्या शेजारी पडलेली, टोकाला बारीक गोळी बसवलेली लाकडी दांड्याची काडीही दाबण्यापलीकडे काही करत नाही. तरीही कार्ड हातात घेताक्षणी ते नेटके वाटते की नुसतेच हौशी वाटते, याचा निकाल बहुतेक वेळा या दोन अवजारांनी आधीच लावलेला असतो, असे माझे ठाम मत आहे.

यातली पट्टी पुस्तकबांधणीच्या कामातून हस्तकलेच्या टेबलावर आली. मुळात ती जनावराच्या हाडाची असते, कारण हाड कठीण असूनही गुळगुळीत असते, कागदावरून सरकताना अडत नाही आणि घासून त्याला हवे तसे टोक काढता येते. आमच्या घरी ती आली तेव्हा सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि "हस्तिदंती आहे का गं?" असे कौतुकाने विचारले. बैलाचे हाड असावे, असे मी सांगताच त्यांनी ती तातडीने खाली ठेवली. "असू दे, पण मी वाती वळते त्या टेबलावर नको ठेवूस," एवढेच त्या म्हणाल्या. तडजोड म्हणून मी पुढे टेफ्लॉनची पट्टी आणली आणि त्यांच्या सोवळ्याने माझा फायदाच झाला. हाडाची पट्टी गडद कागदावर थेट घासली तर तिथे चकाकी उमटते आणि ती जाता जात नाही. म्हणून मध्ये रद्दीचा कागद धरावा लागतो. टेफ्लॉनच्या पट्टीला ही खोड नाही.

झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा, असतो आणि तो कसाही दुमडला तरी तक्रार करत नाही. शुभेच्छापत्राला मात्र २५० ते ३०० जीएसएमचा कार्डपेपर लागतो, कारण कार्ड शोकेसमध्ये ताठ उभे राहिले पाहिजे. हा जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडला, की घडीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणून तुटतात, आतल्या अंगाचे चेपून गोळा होतात आणि या ओढाताणीत घडी सरळ न जाता स्वतःच्या मर्जीने वाकडीतिकडी जाते. वरून गडद आणि आतून पांढरा असा कागद असेल, तर तडकलेल्या घडीतली ती पांढरी भेग इतकी डोळ्यांत खुपते, की शेजारी कितीही सोनेरी नक्षी काढली तरी नजर तिथेच जाते. पट्टीने आधी रेघ ओढली, म्हणजे ज्याला स्कोअरिंग किंवा क्रीझिंग म्हणतात ते केले, की त्या रेघेपुरते कागदाचे आतले थर एकमेकांपासून सैल होतात. पोळीचे पदर सुटावेत तसे ते सुटतात, पण तुटत नाहीत. मग घडी पडताना प्रत्येक थराला आपापल्या परीने सरकायला वाव मिळतो.

रेघ ओढलेल्या बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा उठतो. आता घडी कोणत्या बाजूला घालायची? खाच दिसली, की हात आपोआप तिच्या दिशेने कागद मिटवतो. छापखान्यातली रीत नेमकी उलटी आहे. तिथे उंचवटा घडीच्या आत जातो आणि खाच बाहेर राहते. सैल झालेले थर आतल्या बाजूला फुगून बसले, की बाहेरच्या अंगावरचा ताण कमी होतो, हे त्यामागचे कारण. ज्याला हे पटत नसेल त्याने एकाच कागदाच्या दोन तुकड्यांवर दोन्ही रीतींनी घडी घालावी आणि घडीच्या बाहेरच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवून पाहावे. एका घडीवरून नख सहज घसरते, दुसरीवर बारीक खरखर जाणवते. हा फरक डोळ्यांना उशिरा दिसतो, नखाला लगेच कळतो.

पट्टीऐवजी कटर घेऊन कागद अर्धवट चिरण्याचा आडमार्गही पुष्कळ जण धरतात. त्याने घडी सुरेख, धारदार पडते हे खरे, पण ती उसनी असते. तंतू कापलेले असल्यामुळे दहा वेळा उघडमीट झाली की कार्डाची दोन पाने होतात. गिरगावात खाडिलकर रोडवरच्या दुकानांतून लग्नपत्रिका चाळून पाहिल्या, तर दोन्ही कामे शेजारीशेजारी दिसतात. पत्रिकांच्या छापखान्यातल्या साच्यात, लाकडी पाटात बसवलेल्या पोलादी पात्यांपैकी धारेची पाती पत्रिकेची कड कापतात आणि बोथट, गोल माथ्याची पाती घडीची रेघ उठवतात. कापणे आणि दाबणे एकाच दणक्यात होते, पण पाती वेगळी असतात आणि त्यांची अदलाबदल करण्याचा विचार कोणताही कारागीर करणार नाही.

कागदाला स्वतःची एक दिशाही असते. यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले बरेचसे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने झोपतात. त्या दिशेने, म्हणजे ग्रेनच्या बाजूने, घडी घातली तर ती निमूट पडते आणि आडवी घातली तर कुरकुरते. दिशा ओळखण्यासाठी ताव न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी अडतो ती त्याची बाजू. आता हाताने केलेल्या कागदाची तऱ्हा पाहा. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी केली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला असा कागद चाळणीवर उचलला जातो, त्यामुळे त्यातले तंतू वाटेल तसे पसरलेले असतात आणि त्याला ठळक अशी दिशाच नसते. तो कोणत्याही बाजूने सारखाच दुमडतो. शिवाय सुती तंतू लांब असल्यामुळे खोल दाब सोसूनही तो फाटत नाही. नाजूक बारकावे मात्र त्याच्या खरखरीत अंगात हरवून जातात, म्हणून त्यावर मोठी पाने, कोयऱ्या, सूर्यफुले असलेच काहीतरी उठवावे.

अलीकडे स्कोअरिंग बोर्ड म्हणून एक प्लॅस्टिकची पाटी मिळते. तिच्यावर इंचाच्या आठव्या भागाच्या अंतराने समांतर खोबणी असतात. कागद कडेला टेकवायचा आणि हव्या त्या खोबणीतून पट्टी ओढायची. जपानी पंख्यासारख्या चुण्या, लहान डबे, एकसारख्या घड्यांचे आकाशकंदील यांसाठी ही पाटी अगदी सोयीची आहे. पण ती इंचांच्या देशातून आली आहे आणि आपला कागद मिलिमीटरचा आहे. ए-४ ताव २९७ मिलिमीटर लांब असतो, म्हणजे त्याची मधली रेघ १४८.५ मिलिमीटरवर यायला हवी. पाटीवरची सर्वांत जवळची खोबण पावणेसहा इंचांच्या पुढची, म्हणजे सुमारे १४९.२ मिलिमीटरवरची. फरक पाऊण मिलिमीटरचा असला तरी घडी घातल्यावर तो दुप्पट होतो आणि कार्डाचे एक पान दुसऱ्याच्या खालून दीड मिलिमीटर डोकावते. ज्याला हे चालते त्याचा मला हेवा वाटतो. मला चालत नाही, म्हणून मधल्या घडीसाठी मी पोलादी मोजपट्टी आणि पेन्सिलचे दोन ठिपके यांवरच भिस्त ठेवते.

गोळीच्या टोकाच्या काडीचे काम याहून प्रेक्षणीय आहे. पितळी पत्र्यात नक्षी कोरलेला छाप खिडकीच्या काचेवर चिकटवायचा, त्यावर कागद पालथा धरायचा आणि पलीकडच्या उजेडात दिसणाऱ्या आकाराच्या कडेकडेने काडी फिरवायची. कागद छापाच्या पोकळीत थोडा थोडा दबत जातो आणि उलटला की सुलट्या बाजूला नक्षी उठून आलेली असते. हाच उठाव, म्हणजे एम्बॉसिंग. आधी मोठी गोळी फिरवून कागदाला सैल करावे, मग कोपऱ्यांत बारीक गोळी घालावी. सुरुवातीलाच बारीक टोकाने जोर केला तर ते आरपार जाते. काडी अडखळत असेल तर कागदाच्या मागच्या बाजूवर मेणकागद एकदा चोळून घ्यावा. रिफिल संपलेले बॉलपेन हे या काडीचे गरीब पण कर्तबगार भावंड आहे, आणि जुना माऊसपॅड खाली घेतला तर छापावाचूनही मोकळ्या हाताने वेलबुट्टी काढता येते.

काम मागून चालते, म्हणून अक्षरे उलटी लिहावी लागतात. "शुभ दीपावली" आरशातल्यासारखे लिहिताना पहिल्या वेलांटीलाच डोके गरगरते. अंध विद्यार्थी पाटी आणि टोच्या घेऊन ब्रेल लिहितात, तेव्हा हीच कसरत ते रोज करत असतात. ठिपके मागून टोचायचे असल्यामुळे ते उजवीकडून डावीकडे लिहितात आणि पान उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. लुई ब्रेल यांनी १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या त्या लिपीत उठाव ही शोभा नसून तेच अक्षर असते. माझी वेलबुट्टी त्यापुढे अगदीच रिकामटेकडी वाटते, पण असो.

या सगळ्या कामाला ऋतूही असतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन कागद मऊ पडतो; तेव्हा तो मुकाट्याने दबतो, खोल उठाव घेतो, मात्र तसाच दमट राहिला तर काही दिवसांत नक्षी थोडी बसते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच कागद ताठरतो आणि घडीवर तडकतो. अशा वेळी कागद कामाच्या आदल्या रात्री मोरीजवळच्या फळीवर ठेवण्याचा माझा परिपाठ घरात चेष्टेचा विषय आहे. कागद मात्र त्याने सुधारतो.

उठावाच्या नावाखाली आणखी एक प्रकार खपतो. ओल्या शाईवर पूड भुरभुरायची आणि गरम हवेच्या बंदुकीने ती वितळवायची, की अक्षरे चकचकीत फुगतात. जाड अक्षरांची काही व्हिजिटिंग कार्डेही याच तत्त्वावर छापतात. केस वाळवण्याच्या यंत्राने हे साधत नाही, कारण त्याची उष्णता पुरत नाही आणि वारा मात्र पूड उडवायला पुरून उरतो. छताचा पंखाही बंद ठेवावा लागतो. परिणाम देखणा असतो, परंतु त्यात कागद जागचा हलतसुद्धा नाही, त्याच्या डोक्यावर फक्त काहीतरी चढवलेले असते. तसेच दोन रुळांमध्ये दाबायचे नक्षीचे प्लॅस्टिकचे फोल्डर. हँडल फिरवले की संपूर्ण कार्डभर वीटकाम किंवा मधमाश्यांचे पोळे हजर होते, आणि तोच फोल्डर घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी नेमके तेच पोळे हजर होते. पन्नास निमंत्रणे करायची असतील तर मी तेही वापरीन. एका माणसासाठी एक कार्ड करायचे असेल तर नाही.

बिनरंगी उठावाची खरी अडचण उजेडाची आहे आणि ती फार जुनी आहे. १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी अर्ध्या आण्याची टपाल तिकिटे सुरू केली. आशियातली चिकटवायची ही पहिली तिकिटे. सिंध डाक या नावाने ती ओळखली जातात. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. पहिले तिकीट लाल लाखेच्या चकतीवर उठवलेले होते. ते ठिसूळ निघाले आणि टपालात तुटू लागले. मग पांढऱ्या कागदावर रंगाविना नुसताच उठाव दिला, तर अपुऱ्या उजेडात तिकीट लावले आहे की नाही हेच दिसेना. अखेर निळ्या रंगात उठवून पाहिले. १८५४ साली देशभरासाठी छापील तिकिटे आली आणि हा खेळ आटोपला. कचेऱ्यांतला उठावाचा शिक्का मात्र पुष्कळ टिकला. कागद जबड्यात धरून दाबायच्या त्या शिक्क्याची सक्ती कंपन्यांवरून २०१५ च्या कायदादुरुस्तीने उठली, तरी नोटरीच्या टेबलावर तो अजून भेटतो. त्याचा ठसा तपासताना कागद तिरपा धरून उजेडाकडे नेणारे वकील पाहिले, की ते माझ्याच जातीचे वाटतात.

कारण पांढऱ्यावर पांढरे काम पाहायचे तर उजेड कडेने यावा लागतो. समोरून झगझगीत प्रकाश पडला की सावल्या नाहीशा होतात आणि कागद कोरा दिसतो. मोबाइलचा फ्लॅश नेमके हेच करतो. कार्ड पाकिटात घालताना मी आत आणखी एक जाड कोरा कागद घालते, म्हणजे टपालखात्याच्या शिक्क्याखाली नक्षी चेपत नाही. पण फोटोपासून तिला वाचवण्याचा उपाय मला सापडलेला नाही. दिवाळीच्या सुमारास नात्यातली मंडळी "या वर्षीचं कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना" असे प्रेमाने सांगतात. मी प्रत्येकाला उलट टपालाने त्याचा पत्ता विचारते, पिनकोडसकट.