सोळावा रस्ता, फाउंड्री चर्च आणि बावन्न वर्षं टिकलेलं एक वाक्य

वॉशिंग्टनला गेलेली माणसं व्हाइट हाउससमोर फोटो काढतात आणि नॅशनल मॉलकडे वळतात. मी उलट दिशा धरली. व्हाइट हाउसकडे पाठ करून सोळाव्या रस्त्याने उत्तरेला चालत राहिलं की सव्वा-दीड किलोमीटरवर, पी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, राखाडी ग्रॅनाइटचं गॉथिक धाटणीचं चर्च लागतं. हे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं फाउंड्री युनायटेड मेथडिस्ट चर्च. मेट्रोने यायचं असेल तर रेड लाइनवर ड्यूपाँट सर्कलला उतरायचं, पी स्ट्रीटने पूर्वेकडे निघायचं, अठरावा आणि सतरावा रस्ता ओलांडायचा. दहा मिनिटं पुरतात. बघायला जायचं तर रविवारच्या उपासनेची वेळ आधी पाहून जा, एरवी दार बंद असण्याची शक्यता जास्त.

मंडळी, म्हणजे इथल्या सभासदांचा समुदाय, १८१४ सालची, आजची इमारत १९०४ ची. हेन्री फॉक्सॉल नावाचा तोफा ओतणारा कारखानदार होता, त्याच्या ओतकामाच्या कारखान्यावरून हे नाव पडलं. ब्रिटिशांनी शहर जाळलं तेव्हा कारखाना वाचला, म्हणून त्याने कृतज्ञतेपोटी चर्च बांधलं, अशी आख्यायिका सांगतात. १९४१ च्या नाताळात रूझवेल्ट आणि चर्चिल इथेच उपासनेला बसले होते, आणि नव्वदच्या दशकात क्लिंटन कुटुंब येत असे. थोडक्यात, ही बंडखोरांची वाटावी अशी जागा नव्हे. सरकारी अधिकारी, वकील, निवृत्त मंडळी यांचं हे चर्च. माझ्या मते नेमक्या याच कारणामुळे, समलिंगी माणसांना चर्चमध्ये बरोबरीची जागा मिळवून देण्याचं इथलं काम टिकलं. समित्या, ठराव आणि पोटकलमं यांची या लोकांना सवयच होती.

भांडण एका वाक्याचं होतं. मेथडिस्ट आणि इव्हँजेलिकल युनायटेड ब्रेदरन हे दोन पंथ १९६८ मध्ये एकत्र आले आणि युनायटेड मेथडिस्ट चर्च झालं. पंथाची भूमिका सांगणाऱ्या सामाजिक तत्त्वांचा नवा मसुदा १९७२ मध्ये अटलांटाच्या महासभेपुढे, म्हणजे पंथाचे नियम ठरवणाऱ्या सभेपुढे, आला. समलिंगी माणसांचंही मोल पवित्र आहे, असं त्यात लिहिलं होतं. सभागृहातून एका प्रतिनिधीने दुरुस्ती सुचवली आणि त्याला जोडून आलं की समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही! पुढे या वाक्यावर थर चढत गेले. १९७६ मध्ये, समलैंगिकतेच्या स्वीकाराचा प्रचार होईल अशा कामाला मध्यवर्ती निधीतून पैसा देण्यावर बंदी आली. १९८४ मध्ये, उघडपणे समलिंगी म्हणून जगणाऱ्यांना पाळकाची दीक्षा बंद झाली. १९९६ मध्ये, आमचे पाळक असे विवाह लावणार नाहीत आणि आमच्या वास्तूत ते होणार नाहीत, हा नियम आला.

पैशाची बंदी दिसायला किरकोळ, पण तिने कामाची सगळी रचना ठरवली. मध्यवर्ती मंडळांना हात लावता येईना, तेव्हा ओझं स्थानिक मंडळ्यांवर आलं. १९८४ मध्ये ‘रिकन्सायलिंग’, म्हणजे समलिंगी माणसांचं उघड स्वागत करणाऱ्या, मंडळ्यांचा उपक्रम सुरू झाला. न्यूयॉर्कची वॉशिंग्टन स्क्वेअर आणि कॅलिफोर्नियात फ्रेस्नोची वेस्ली या पहिल्या नोंदणाऱ्यांपैकी. वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनच्या डंबार्टन चर्चने १९८७ मध्ये नाव घातलं, फाउंड्रीने १९९५ मध्ये. डंबार्टन बघायचं असेल तर फाउंड्रीहून पी स्ट्रीटनेच पश्चिमेला, रॉक क्रीकवरचा पूल ओलांडून चालत जा. जॉर्जटाउनला मेट्रो नाही.

नाव घालायचं म्हणजे काय करायचं, ते जवळून बघण्यासारखं आहे. आधी सात-आठ जणांचा गट बनतो. त्यात पाळक असले तरी पुढे सभासदच लागतात. कारण मेथडिस्ट पाळक मंडळी निवडत नाही, बिशप नेमतो आणि बिशपच हलवतो. पाळकाच्या जिवावर उभं केलेलं काम त्याच्या बदलीबरोबर कोसळतं, हा इथला जुना अनुभव. मग काही महिने अभ्यासवर्ग, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकेकाला भेटून बोलणं. सभेत गप्प बसणारा माणूस चहाच्या टेबलावर आपली शंका सांगतो, आणि ती शंका सुटली नाही तर मतदानात ती दिसते. शेवटी स्वागताचं निवेदन लिहायचं. ‘सर्वांचं स्वागत आहे’ एवढ्यावर भागत नाही. ते तर प्रत्येक चर्चच्या पाटीवर असतं आणि कुणालाच खरं वाटत नाही. लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द त्यात स्पष्ट घालावे लागतात.

मतदानाची घाई केली की काम बिघडतं. एक्कावन्न टक्क्यांनी ठराव जिंकणं सोपं असतं, पण उरलेले एकोणपन्नास टक्के पुढच्या रविवारी त्याच बाकांवर बसायचे असतात, आणि वर्गणीही त्यांचीच असते. म्हणून पाऊण मंडळी बरोबर आल्याशिवाय मत घेऊ नये, असाच सल्ला जाणकार देतात. मत अपुरं पडेल असं दिसलं तर तारीख पुढे ढकलायची. ठराव हरला तर विषय पुन्हा काढायला वर्षं जातात.

त्यात १९९९ साली पंथाच्या न्यायमंडळाने ८७१ क्रमांकाचा निर्णय दिला. स्थानिक चर्चने कुठल्याही अनधिकृत चळवळीचं लेबल स्वतःला लावू नये. म्हणजे ठराव करा, पण नाव लावू नका. मंडळ्यांनी लेबल सोडून मजकूर धरला. स्वागताचं निवेदन रविवारच्या पत्रकात छापायला कुठलंच कलम आड येत नव्हतं. या माणसांना मी मनातून दाद दिली ती इथे.

फाउंड्रीची खरी कसोटी २०१० मध्ये लागली. त्या वर्षीच्या मार्चपासून वॉशिंग्टन शहरात समलिंगी विवाह कायदेशीर झाले. शहर परवाना देत होतं, चर्चचे नियम मनाई करत होते. सप्टेंबरमध्ये मंडळीने प्रचंड बहुमताने ठरवलं की आपल्या सभासदांचे विवाह आपण लावायचे. धोका मात्र मतदारांना नव्हता, तो पाळकाला होता. सही केलेली लेखी तक्रार बिशपकडे गेली की आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर पाळकांमधूनच निवडलेल्या १३ जणांपुढे खटला चालतो आणि ९ मतांनी दोष सिद्ध होतो. शिक्षा ताकिदीपासून सनद काढून घेण्यापर्यंत काहीही असू शकते. पेनसिल्व्हेनियातल्या बेथ स्ट्राउड यांची सनद २००४ च्या खटल्यात गेली, ती परत मिळायला २०२४ चा मे उजाडावा लागला. त्यामुळे असा ठराव करणाऱ्या मंडळीने पाळकाच्या पाठीशी कोण, किती आणि किती दिवस उभं राहणार हे आधीच ठरवलेलं बरं. टाळ्या वाजवून खटला लढता येत नाही.

फाउंड्रीहून मी पायीच पुढे निघाले. सोळाव्या रस्त्याने दक्षिणेला स्कॉट सर्कल, तिथून मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूने थॉमस सर्कलवरून अकराव्या रस्त्यापर्यंत, मग उजवीकडे के स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. वीस-पंचवीस मिनिटांची चाल. इथे ॲझबरी चर्च आहे. फाउंड्रीतल्या कृष्णवर्णीय सभासदांनी भेदभावाला कंटाळून १८३६ मध्ये वेगळं होऊन ही मंडळी काढली. पुढे १९३९ मध्ये मेथडिस्ट चर्चने बहुतेक कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी वेगळा प्रशासकीय विभागच केला आणि तो १९६८ पर्यंत ठेवला. म्हणजे माणसं बाहेर ठेवण्याचं काम नियमांच्या पुस्तकातून करण्याची परंपरा जुनी आहे, आणि फाउंड्री त्यात एकेकाळी दुसऱ्या बाजूला होती. समावेशाविषयी बोलणाऱ्या चर्चने ही बाजूही पाहुण्याला सांगायला हवी. फाउंड्री बघून ॲझबरी न बघता परतू नका.

मॅकफर्सन स्क्वेअरहून मेट्रो पकडून कॅपिटल साउथला उतरलं की फर्स्ट स्ट्रीटने उत्तरेला चालायचं. उजवीकडे लायब्ररी ऑफ काँग्रेस, मग सुप्रीम कोर्ट, आणि त्याला लागून मेरीलँड अव्हेन्यूवर चुनखडीच्या दगडाची युनायटेड मेथडिस्ट बिल्डिंग. १९२३ साली दारूबंदीवाल्या मेथडिस्टांनी ती काँग्रेसवर नजर ठेवायला बांधली. आज तिथे सामाजिक प्रश्नांचं मंडळ बसतं. सामाजिक तत्त्वांचं पुनर्लेखन याच मंडळाने हाती घेतलं, आणि १९७२ चं ते वाक्य त्याच तत्त्वांमध्ये होतं.

महासभेत बदल मागण्याची रीत कळल्याशिवाय हे सगळं का लांबलं ते समजत नाही. कुठलाही सभासद किंवा मंडळी अर्ज करू शकते. पण अर्ज अधिवेशन सुरू होण्याच्या २३० दिवस आधी पोहोचला पाहिजे, त्यावर सही हवी, आणि एका अर्जात नियमांच्या पुस्तकातल्या साधारणपणे एकाच परिच्छेदाला हात लावता येतो. काढायचा मजकूर खोडून दाखवायचा, घालायचा मजकूर अधोरेखित करायचा. समलिंगी लोकांवरची बंधनं मात्र पुस्तकभर पसरलेली. सामाजिक तत्त्वांत एक, दीक्षेच्या ३०४ क्रमांकाच्या परिच्छेदात एक, विवाहाच्या ३४१ मध्ये, निधीच्या ६१३ आणि ८०६ मध्ये, गुन्ह्यांच्या यादीत २७०२ मध्ये. दीक्षेचं कलम गेलं आणि गुन्ह्याचं राहिलं, तर दीक्षा घेणाऱ्यावर दुसऱ्या दिवशी खटला भरता येईल. म्हणून अर्जांचा संच एकत्र तयार करावा लागतो आणि समित्यांत एकेक जपावा लागतो. मतदान करणारे प्रतिनिधी आपापल्या प्रदेशाच्या वार्षिक परिषदेत निवडले जातात, निम्मे पाळक, निम्मे सभासद. मंडळीचं खरं राजकारण या निवडणुकीत असतं. अर्ज पाठवून प्रतिनिधी निवडायला गैरहजर राहणं ही नेहमी होणारी चूक.

२०१९ च्या फेब्रुवारीत सेंट लुईसच्या विशेष अधिवेशनात बाजी उलटली. ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी नियम आणखी कडक झाले. विवाह लावणाऱ्या पाळकाला पहिल्या वेळी एक वर्ष बिनपगारी निलंबन, दुसऱ्या वेळी सनद जप्त. त्याच अधिवेशनात बाहेर पडण्याची वाटही मिळाली. चर्चची मालमत्ता पंथाच्या नावे विश्वस्त म्हणून धरलेली असते, त्यामुळे एरवी इमारत घेऊन जाता येत नाही. नव्या २५५३ कलमाने दोन तृतीयांश मतं, पंथाला द्यायचा दोन वर्षांचा वाटा आणि पेन्शनची देणी भरल्यावर ती मुभा दिली, २०२३ अखेरपर्यंत. गंमत अशी की या वाटेने गेलेल्यांत बहुतेक जण नियम कडक करून घेणाऱ्यांच्याच बाजूचे होते. अमेरिकेतल्या ७,६००हून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या आणि सभागृहातलं गणित बदललं.

१ मे २०२४ ला शार्लटच्या महासभेत दीक्षेवरची बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली, तीही समितीत फारसा विरोध न झालेल्या विषयांच्या गठ्ठ्यात, सभागृहात चर्चा न होता. दुसऱ्या दिवशी ५२३ विरुद्ध १६१ मतांनी ते बावन्न वर्षांचं वाक्य गेलं. विवाहाबाबत आता पाळकावर सक्ती नाही आणि मनाईही नाही. याची किंमतही लगेच दिसली: महिना संपायच्या आत आयव्हरी कोस्टच्या मोठ्या चर्चने पंथ सोडायचं ठरवलं.

मुंबईतले वाचक विचारतील, याचा आपल्याकडच्या मेथडिस्ट चर्चशी संबंध काय? कायद्याने काही नाही. मुंबई सेंट्रलला मुख्यालय असलेलं मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे, शार्लटचे ठराव त्याला लागू होत नाहीत. नातं आहे ते उगमाचं. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च ज्यांच्या नावाने आहे ते जॉर्ज बोवेन अमेरिकेतून आलेले मिशनरी. इथे बदल व्हायचा तर इथल्या परिषदांतून, इथल्या नियमांच्या पुस्तकातून आणि इथल्याच सभासदांच्या अर्जांवरून होईल.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं एक: युनायटेड मेथडिस्ट बिल्डिंग हे कार्यालय आहे, पर्यटनस्थळ नाही. आतलं सिम्पसन मेमोरियल चॅपल बघायचं असेल तर कामाच्या दिवशी जा आणि दाराशी विचारून मगच आत शिरा. रविवारी गेलात तर बाहेरच्या पायऱ्यांवरूनच परतावं लागेल.